बारा मैल उत्तरेला

२ डिसेंबर २०२४, सोमवार

आज नोकरीचा पहिला दिवस. ही नवी वही त्याच निमित्ताने काढली आहे, बघू किती टिकते. देवगडला असताना तीनदा रोजनिशी सुरू केली आणि तिन्ही वेळा आठवडाभरात कंटाळले. पण तिथे लिहिण्यासारखं काही घडतच नव्हतं.

राहायला डिलाईल रोडला सुभद्राआत्याकडे आहे. चाळीच्या तिसऱ्या माळ्यावर एक खोली, पुढे गॅलरी, गॅलरीत आत्याची तुळस आणि तिला खेटून वॉशिंग मशीन. आत्याचे यजमान गिरणीत होते. ते जाऊन नऊ वर्षं झाली, तेव्हापासून आत्या एकटीच. मी आले त्याच संध्याकाळी तिने सगळ्या माळ्याला सांगून टाकलं की माझी भाची जहाजं चालवते. मी चालवत नाही गो आत्या, ती कुठे पोचली एवढंच बघते, असं म्हटलं तर म्हणाली, एकच की ते.

ऑफिस शिवडीला, गोदामांच्या गल्लीत. खाली ट्रकांची रांग, हमालांची वर्दळ, मसाल्याच्या पोत्यांचा वास. चौथ्या मजल्यावर आम्ही. खिडकीतून खाडीचा चिखल दिसतो आणि त्यात फ्लेमिंगो. एवढे जवळून मी कधी पाहिले नव्हते. आम्ही मोजून तीन माणसं. हितेंद्रसर म्हणजे ऑफिसचे प्रमुख, चाळिशीचे, नेहमी इस्त्रीच्या शर्टात. राजारामकाका पूर्वी जहाजावर रेडिओ ऑफिसर होते, तीस वर्षं पाण्यावर काढली. आणि मी, किर्ती राणे, सगळ्यात नवी.

आत्याने डब्यात सुक्या जवळ्याची चटणी दिली होती. डबा उघडला तशी काकांनी स्वतःची पोळीभाजी बाजूला सारली आणि न विचारता हात घातला. म्हणजे जमेल आमचं.

५ डिसेंबर, गुरुवार

काम हळूहळू कळतंय. प्रत्येक जहाज आपलं नाव, वेग आणि दिशा हवेत सोडत असतं. जवळच्या जहाजांचे सिग्नल आमच्या गच्चीवरचा अँटेना पकडतो, लांबच्यांचे उपग्रहावरून येतात. पडद्यावर ते ठिपके होऊन दिसतात. ज्या जहाजांचं काम आमच्याकडे असतं त्यांच्या ठिपक्यांवर नजर ठेवायची, दर तासाला जागा नोंदवायची, आणि माल ज्यांचा आहे त्यांना कळवायचं. ऑफिस सकाळी सात ते संध्याकाळी पाच. रात्री यंत्र आपोआप नोंदी घेत राहतं, त्या सकाळी मी तपासते.

मोठी जहाजं पडद्यावर लाल दिसतात. अधूनमधून बारीक हिरवे ठिपके असतात, त्या मच्छिमारांच्या होड्या. त्यांच्यावर आता ट्रान्सपाँडर बसवलेत, वहीएवढा डबा असतो. त्यावर एक बटण. संकट आलं की दाबायचं, मग ठिपका लुकलुकतो आणि आमच्याकडे इशारा वाजतो. असा इशारा किती वेळा येतो, असं काकांना विचारलं. म्हणाले, बहुतेक वेळा कोणीतरी चुकून त्या डब्यावर बसलेलं असतं.

२७ डिसेंबर, शुक्रवार

मला माझं पहिलं जहाज मिळालं. 'कॅलिस्टा मेरिडियन'. मोझांबिकच्या बैरा बंदरातून काल निघालं, सत्तावीस हजार टन तूर घेऊन मुंबईला येतंय. आता दर तासाला त्याची नोंद माझ्या नावाने होणार. आत्याला सांगितलं तर ती फोडणी देत होती, तशीच थांबली. आपली तूर आफ्रिकेतून येते हेच तिला खरं वाटेना. आता रोज घरी पाय ठेवला की पहिला प्रश्न, माझी डाळ कुठपर्यंत आली?

आज नकाशावर बोट ठेवून दाखवलं. तिने चष्मा लावून नीट पाहिलं आणि म्हणाली, केवढं पाणी गो हे, नि त्यात एवढासा ठिपका.

४ जानेवारी २०२५, शनिवार

कॅलिस्टा चौदा तास उशिरा आहे. सर दोन दिवस अस्वस्थ आहेत. या कंपनीची आणखी सहा जहाजं आमच्याकडे येऊ घातली आहेत, पहिलंच उशिरा पोचलं तर ती जातील. त्यांनी कॅप्टनला वेग कमी करू नको म्हणून कळवलं. काका पुटपुटले की किनाऱ्याजवळ सकाळी धुरकं असतं, अशा वेळी बारा नॉटने कोणी आणत नाही. सरांनी ऐकलं नाही, किंवा ऐकून सोडून दिलं.

६ जानेवारी, सोमवार

नीट लिहायचा प्रयत्न करते.

सकाळी सव्वासातला पडदा लावला. कॅलिस्टा मुंबईपासून तीस मैलांवर, वेग १२.१. तिच्या थेट वाटेत एक हिरवा ठिपका होता, नाव 'जलदेवी'. मला वाटलं, होडी बाजूला होईल. ७.३१ ला दोन्ही ठिपके एकमेकांवर आले. कॅलिस्टाचा वेग ११.४ झाला, तोंड जरासं उजवीकडे गेलं, आणि दोन मिनिटांनी पुन्हा १२.१. ती पुढे गेली. हिरवा ठिपका तिथेच राहिला. मग लुकलुकायला लागला आणि इशारा वाजला.

मी काकांना हाक मारली. त्यांनी पडदा पाहिला. मग त्यांनी सरांना फोन लावला.

सर गिरगावहून अर्ध्या तासात आले. ते कॅप्टनशी बोलले. कॅप्टनचं म्हणणं, काहीही लागलं नाही. सर माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसले आणि शांतपणे समजावू लागले. अँटेनात चूक होते, ठिपके सरकतात. जहाज त्या वेळी बारा मैल उत्तरेला होतं, त्याप्रमाणे नोंद दुरुस्त कर. मी म्हटलं, पण सर, इशारा वाजतोय. ते म्हणाले, चुकीचा इशारा म्हणून बंद कर.

मी केलं. १८ अंश ४४ मिनिटं खोडून १८ अंश ५६ मिनिटं केलं. जहाजाचं आणि होडीचंही. दोन इशारे बंद केले.

अकराच्या सुमारास तटरक्षक दलाचा फोन आला. वरळी कोळीवाड्यातल्या एका होडीशी संपर्क होत नव्हता. तिचा सिग्नल किनाऱ्यावर इतर कुणाला मिळाला नव्हता, आमचा अँटेना उंच म्हणून आमच्याकडे असेल तर हवा होता. राजारामकाकांनी फोन घेतला आणि जागा सांगितली. बारा मैल उत्तरेची. सांगताना त्यांनी माझ्याकडे पाठ केली होती.

कॅलिस्टा दुपारी मुंबईत नांगरली. आत्याला सांगितलं, आली तुझी डाळ.

७ जानेवारी, मंगळवार

सकाळी रात्रीच्या नोंदी उघडल्या. जलदेवीचे आठ इशारे. रात्री नऊपासून पहाटे पाचपर्यंत, जवळजवळ दर तासाला एक.

होडीवरचा डबा आपोआप इशारा देत नाही. बटण दाबावं लागतं.

सरांना दाखवलं. ते म्हणाले, डबा पाण्यात तरंगत असेल, लाटेने दाबलं जात असेल. मी विचारलं, आता तरी खरी जागा कळवू या का? सर म्हणाले, कळवली तर काल खोटं का सांगितलं ते तुलाच विचारतील, नोंद तुझ्या नावाने आहे.

आठही बंद केले. प्रत्येकापुढे 'चुकीचा इशारा' टाइप करावं लागतं. आठ वेळा केलं.

ठिपका प्रवाहाबरोबर दक्षिणेला सरकत होता. दुपारी २.१० ला अकरावा इशारा आला. तोही बंद केला. नंतर ठिपका गेला.

९ जानेवारी, गुरुवार

तिघे सापडले. होडीवर चौघे होते. तांडेल, म्हणजे होडीचा मुख्य, धनेश, त्याचा भाऊ रघू आणि दोन खलाशी. रघू आणि खलाशी दुसऱ्यांच्या जाळ्यात आले. काकांच्या ओळखीचा एक माणूस धक्क्यावर होता, त्याने सांगितलेलं काकांनी मला सांगितलं, मी नको म्हणत असताना. जहाजाच्या पंख्याने कापले होते. रघू कमरेपर्यंतच होता. दुसऱ्याच्या अंगावर एकाखाली एक तिरके घाव, सारख्या अंतरावर, सुरमई कापावी तसे. धनेश मिळाला नाही. डबा त्याच्याकडे असायचा, कमरेला बांधलेला.

म्हणजे एकतीस तास बटण दाबत होता तो धनेश.

दुपारी त्याची बायको आली. शेवंता. नऊवारी, हातात काहीच नाही. तिला गल्लीतच अडवलं होतं, मी खाली गेले तेव्हा तिने माझाच हात धरला. विचारलं, "बाय, मशीन वाजली का गो?"

मी नाही म्हटलं.

तिने हात सोडला नाही. ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली आणि मग आपल्याशीच बोलल्यासारखं म्हणाली की तो बटण दाबल्याशिवाय राहणारा नाही, जिवंत असेल तर दाबणारच. मग गेली.

१३ जानेवारी, सोमवार

जलदेवी पडद्यावर आहे.

सकाळी नऊला दिसली. मंगळवारी जिथे नाहीशी झाली, बरोबर त्याच जागी. वेग पाऊण नॉट. दिशा ईशान्य, सरळ मुंबईकडे. काका म्हणाले त्या डब्याची बॅटरी दोन दिवसांच्या वर चालत नाही. सर म्हणाले कुणाच्या तरी जाळ्यात आला असेल, चार्ज केला असेल. मी म्हटलं, मच्छिमार जाळी टाकत टाकत येतात, इतक्या सरळ रेषेत कोणी येत नाही. काकांनी माझ्याकडे पाहिलं. हातातला चहाचा कप खाली ठेवला.

१५ जानेवारी, बुधवार

ठिपका बंदराच्या तोंडाशी आला. काल संक्रांत म्हणून सुट्टी होती, तरी मी मोबाइलवर बघत होते. आत्याने तिळगूळ दिला तो हातातच विरघळला. तिने विचारलं, प्रेमात बिमात पडलीस का? हो म्हणाले असते तर बरं झालं असतं.

सरांनी एक लाँच पाठवली होती, ठिपक्याच्या जागेवर. लाँचवाल्याने फोन करून सांगितलं, इथे काहीच नाही, नुसतं पाणी. तो बोलत होता तेव्हा पडद्यावर ठिपका त्याच्या लाँचच्या खालून गेला.

१६ जानेवारी, गुरुवार

साडेदहाला ओहोटी होती. ठिपका शिवडीच्या चिखलात होता. तिथे होडी येऊच शकत नाही, गुडघाभर गाळ आहे, माणूस चालू शकत नाही. काकांची दुर्बीण घेऊन खिडकीत उभी राहिले.

हजारो फ्लेमिंगो दाटीने चरत होते. मधेच एक गोल मोकळा होता, आत्याच्या खोलीएवढा. त्यात एकही पक्षी नाही. काहीच नाही, चिखल. आणि तो गोल सरकत होता. पुढचे पक्षी बाजूला होत होते, मागचे पुन्हा भरत होते. आमच्याकडे येत होता.

दुर्बीण काकांच्या हातात दिली. त्यांनी पाहिलं. मग खुर्चीत बसून ते सांगू लागले, मला की स्वतःला ते कळलं नाही. त्या दिवशी तटरक्षक दलाला फोनवर जागा सांगताना खरी जागा त्यांच्या जिभेवर आली होती. निवृत्तीनंतर ही नोकरी मिळाली, ही गेली तर घरात नुसतं बसून राहावं लागेल, एवढ्याच विचाराने त्यांनी ती गिळली.

१७ जानेवारी, शुक्रवार

राजारामकाका गेले.

दुपारी एक वाजता ते चहा प्यायला खाली उतरले. मी नको म्हटलं होतं. ठिपका रात्रीपासून हलला नव्हता, चिखलाच्या काठावरच होता, म्हणून ते म्हणाले, पाच मिनिटांत येतो. ते जिना उतरत असताना ठिपका उडी मारल्यासारखा आमच्या गल्लीत आला. मी ओरडत जिन्याकडे धावले. तिसऱ्या मजल्यावर होते तेव्हा आवाज ऐकला. जड काहीतरी फिरत असल्यासारखा. धप, धप, धप, धप. मग हमालांचा आरडाओरडा.

दोन उभ्या ट्रकांच्या मधे होते. मी पाहिलं. पहिला घाव खांद्यावर, मग बरगड्यांवर, मग कमरेवर, मग मांड्यांवर. चारही तिरके, चारही सारख्या अंतरावर. एक हात ट्रकच्या चाकाखाली गेला होता, बोटं अजून हलत होती. डोकं शाबूत. डोळे उघडे. तोंडातून पाणी येत होतं, थांबतच नव्हतं, फेसाळ, खारट वासाचं, रक्तात मिसळून गटारापर्यंत गेलं. बाजूच्या ट्रकांना ओरखडासुद्धा नाही. दोन हातांची जागा होती त्या दोन ट्रकांमधे.

ट्रकवाला एकच सांगत होता, कोणी आलं नाही, कोणी गेलं नाही.

साडीवर उडालेलं धुतलं. जात नाही.

१८ जानेवारी, शनिवार

पोलीस आले. कोळीवाड्यातल्या कोणी सूड घेतला असणार म्हणतात. दोघांना उचललं, त्यातला एक शेवंताचा दीर कुशाबा. त्याला मारलं असं ऐकलं, एक कान फुटला.

मला विचारलं, ऑफिसचं कुणाशी काही वैर होतं का? मी नाही म्हटलं. सर समोर बसले होते.

सर समोर नसते तरी मी नाहीच म्हटलं असतं. हे इथे तरी खरं लिहिते.

२० जानेवारी, सोमवार

सर गच्चीवर जाऊन स्वतःच्या हाताने अँटेनाची वायर तोडून आले. ते खाली आले तर पडद्यावर मुंबईजवळचा सगळा भाग कोरा होता. लाल ठिपके गेले, हिरवे गेले. एक राहिला.

देवगडला जायचा विचार केला. पण आमचं घर खाडीला लागून.

उद्या सर दुबईला भावाकडे जाणार. दुपारचं विमान. त्यांनी मला ऑफिसात बसून ठिपका बघायला सांगितलं, आणि ते गाडीत असेपर्यंत फोनवर जागा सांगत राहायची. मला विचारलं नाही की मी काय करणार.

२१ जानेवारी, मंगळवार

अक्षर लागणार नाही.

सर साडेअकराला गिरगावातून निघाले. फोन चालू. ठिपका गल्लीतून निघाला, वेग १२.१. जहाजाचा होता तोच. मी सांगत गेले. ठिपका लालबागला, सर भायखळ्याला. ठिपका वळून त्यांच्याकडेच येतोय म्हटलं तर त्यांनी गाडी आडरस्त्याला घातली, तो भायखळ्याच्या पुलाखालून मागे गेला, आणि सर पुन्हा मुख्य रस्त्याला लागले. दोनदा मी सांगितलं म्हणून वाचले. दुसऱ्यांदा ते मला बाळ म्हणाले. बाळ, बघत राहा.

मग ते लालबागच्या उड्डाणपुलावर होते. त्यांनी विचारलं, परळला उतरू का, दादरहून सरळ निघतो. ठिपका परळलाच होता. पूल संपतो तिथे. थांबलेला.

मी बघत होते. माझ्या मनात आलं की याला तिघे हवेत, पण कदाचित दोघे पुरतील. ज्याने सांगितलं तो मिळाला तर जिने ऐकलं तिला सोडेल. हे मी शांतपणे ठरवलं. एक सेकंद लागला असेल.

मी म्हटलं, सर, तो मागे आहे, गिरगावात. उतरा.

ते थँक्यू म्हणाले.

काच फुटल्याचा आवाज आला नाही. गाडीत पाणी भरल्याचा आला. बादली भरताना येतो तसा, मग ते पाण्यातून काहीतरी बोलले, माझं नाव असेल. मग धप, धप. मी फोन ठेवला नाही. चार झाले, पाच झाले. हाड तुटल्याचा आवाज वेगळा येतो, ओल्या फांदीसारखा. शेवटी नुसतं पाणी.

संध्याकाळी मोबाइलवर बातम्यांत दाखवलं. गाडीच्या काचा बंद होत्या, काचेच्या वरच्या कडेपर्यंत लाल पाणी. दार उघडलं तेव्हा ते रस्त्यावर वाहून आलं आणि त्याबरोबर तेही, तुकड्यातुकड्यांनी.

ठिपका परळला आहे. माझ्याकडे वळलेला.

२२ जानेवारी, बुधवार. सकाळ

रात्रभर हलला नाही. आत्याला काही सांगितलं नाही. तिने तापाची गोळी दिली.

पहाटे कळलं काय करायचं ते. शेवंताकडे जायचं. सगळं सांगायचं. कुशाबाला सोडवायचं.

आत्या विचारत होती कुठे चाललीस? वरळीला, म्हणाले. कोळीवाड्यात, शेवंता म्हणून आहे तिच्याकडे. हे तरी खरं सांगितलं.

दुपार

सांगितलं.

शेवंता मासळी नीट करत होती. हात थांबवला नाही. मी सगळं सांगितलं — बारा मैल, आठ इशारे, मग अकरावा, आणि गल्लीत मी तिला नाही म्हटलं ते. ती सुरी चालवत होती. मग पाणी घेऊन हात धुतले.

मला वाटलं मारेल. तिने फक्त विचारलं, शेवटचा किती वाजता?

दोन दहा, म्हणाले.

ती म्हणाली त्या वेळी ती देवीच्या पायाशी बसली होती. बारा मैल उत्तरेला सगळ्या वाड्याच्या होड्या शोधत होत्या. दोन दिवस, दोन रात्री. तो दक्षिणेला होता आणि इंजिनांचा आवाजसुद्धा त्याच्यापर्यंत गेला नसणार.

मी विचारलं, तो मला सोडेल का? तिला सांगता येईल का त्याला?

ती म्हणाली, "मला विचारून नाय आला तो." आणि मग, "जागा लिहून दे. खरी."

लिहून दिली. १८ अंश ४४ मिनिटं उत्तर, ७२ अंश २१ मिनिटं पूर्व. तिथून दक्षिणेला सरकला सात मैल. पोलिसांसाठी दुसरा कागद, सही करून. ती दोन्ही कागद घेऊन धक्क्यावर गेली. मला म्हणाली बस इथंच.

साडेचार

ठिपका हलला. वरळीकडे नाही.

डिलाईल रोडला.

चाळीत —

आत्याला फोन केला. उचलला. आवाज नेहमीसारखा. म्हणाली, आत्ताच एक माणूस येऊन दारात उभा आहे, पार भिजलेला, बिचाऱ्याच्या अंगाला चिखल. तुझी चौकशी करतोय. किर्ती कुठे आहे विचारतोय. हळू आवाजात म्हणाली, माणूस बरा वाटत नाही गो मला, मी सांगितलं ती काल रात्रीच देवगडला गेली.

मी ओरडले, आत्या, खरं सांग त्याला. मी कुठे आहे ते खरं सांग. वरळीला आहे म्हणून सांग —

ती म्हणाली, वेडी का खुळी तू, असं कुणालाही सांगायचं असतं का. माझ्या पोरीचा पत्ता मी नाही —

मग पाणी.

मग

पाच होते. मी मोजले. पाचव्याला फोन बंद पडला.

पाच वाजून गेले

खोट्या जागेवर तो थांबत नाही. ज्याने खोटी सांगितली त्याला —

आत्याला माहीत नव्हतं. तिने काय केलं होतं. तिने नुसतं मला —

ठिपका बाहेर आला. थांबलाय. कुठे जायचं त्याला माहीत नाही. देवगडची दिशा घेतोय. दक्षिण. तिथे आई-बाबा आहेत. ते पण खोटंच सांगतील. मला वाचवायला सांगतीलच.

पळाले तर जो कोणी भेटेल तो खोटं सांगेल.

सहाला पाच

मोबाइलवरून त्या डब्याला मेसेज जातो. काकांनी शिकवलं होतं. कधी पाठवला नव्हता. त्या एकतीस तासांत एकदाही नाही, येतोय कोणीतरी, एवढा सुद्धा नाही.

पाठवला. मी कुठे आहे ते. खरं.

ठिपका वळला.

वेग १२.१

शेवंताच्या घराचं दार उघडं ठेवलंय. ती धक्क्यावर आहे, होडी काढतायत, आवाज येतो. तिने परत यायच्या आत होऊ दे. तिने बघायला नको.

उंबऱ्याच्या आत पाणी आलं. भरती नाहीये.

वही वर फळीवर ठेवते, भिजायला नको, पोलिसांना कुशाबासाठी लागेल. सगळं यात खरं आहे. नोंद माझ्या हातची, किर्ती राणे, मी कुठेही गेले नाही, मी इथेच आहे, वरळी कोळीवाडा, धक्क्याकडून तिसरं घर, आतल्या खोलीत, भिंतीला पाठ लाव